जे आले त्यांच्यासह: ह्युगो ब्रोस, कॅमेरून आणि नकार देणारे आठ खेळाडू

आफ्रिकेतल्या राष्ट्रीय फुटबॉल संघांवर युरोपीय प्रशिक्षक नेमण्याची प्रथा जुनी आहे. क्लोद लेरॉय या फ्रेंच प्रशिक्षकाने १९८८ मध्ये कॅमेरूनला आफ्रिका चषक जिंकून दिला. ब्रुनो मेत्सू यांनी २००२ मध्ये सेनेगलला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेलं. हर्वे रेनार यांनी २०१२ मध्ये झांबियासोबत आणि २०१५ मध्ये आयव्हरी कोस्टसोबत आफ्रिका चषक उचलला. ही यशाची यादी. फसलेल्यांची यादी हिच्या कितीतरी पट लांब आहे, ती कुणी लिहून ठेवत नाही. आपल्याकडे दोनदा भारतीय संघ सांभाळून गेलेले इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन याच वाटेवरचे. मलावी, सुदान, रवांडा अशी वळणं घेत ते २०१५ मध्ये पुन्हा भारतात आले होते.

या प्रकरणासाठी निवडलेलं नाव आहे बेल्जियमचे ह्युगो ब्रोस. त्यांच्याकडे जादू होती म्हणून नव्हे. एका नेमक्या पेचात त्यांनी एक नेमका निर्णय घेतला, तो आधी फळला, नंतर त्याची मर्यादा उघडी पडली, आणि काही वर्षांनी दुसऱ्या देशात त्यांना तोच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवायची संधी मिळाली, म्हणून. एकाच माणसाला एकाच प्रश्नावर दोन डाव खेळायला मिळाले, असं क्वचित घडतं.

पार्श्वभूमी

ब्रोस यांचा जन्म १९५२ चा. बचावपटू म्हणून अँडरलेख्ट आणि क्लब ब्रुग या बेल्जियमच्या दोन बड्या क्लबांकडून ते खेळले, राष्ट्रीय संघाकडून २४ सामने खेळले आणि १९८६ च्या विश्वचषकात चौथ्या आलेल्या बेल्जियमच्या चमूत होते. प्रशिक्षक म्हणून ब्रुगसोबत १९९२ व १९९६ मध्ये आणि अँडरलेख्टसोबत २००४ मध्ये बेल्जियमची लीग जिंकली. त्यानंतरची दहा वर्षं उतरणीची होती. ग्रीस, तुर्कस्तान, पुन्हा बेल्जियम; कुठेच जम बसला नाही.

आफ्रिकेशी त्यांची पहिली गाठ २०१४ मध्ये पडली, अल्जीरियाच्या जेएस काबिली या क्लबात. ती विसरता येण्यासारखी नव्हती. त्या ऑगस्टमध्ये तिझी उझू इथे घरचा सामना हरल्यावर प्रेक्षकांतून फेकलेल्या वस्तूंच्या माऱ्यात संघाचा आघाडीवीर आल्बेर एबोसे याचा मृत्यू झाला. एबोसे कॅमेरूनचा होता आणि त्याच सामन्यात त्याने गोलही केला होता. ब्रोस काही आठवड्यांतच तो क्लब सोडून गेले. पुढे अल्जीरियातच आणखी एक क्लब त्यांनी थोडा काळ सांभाळला.

इकडे कॅमेरूनचा संघ दोन गोष्टींसाठी ओळखला जात होता: नावाजलेले खेळाडू आणि न मिटणारी भांडणं. २०१४ च्या विश्वचषकाला निघताना बोनसच्या रकमेवरून खेळाडूंनी विमानात बसायलाच नकार दिला होता. ब्राझीलमध्ये तिन्ही सामने हरले. क्रोएशियाविरुद्ध अॅलेक्स साँगला कोपर मारल्याबद्दल लाल कार्ड मिळालं, आणि त्याच सामन्यात बेन्वा असू-एकोतोने स्वतःच्याच संघातल्या बेंजामिन मुकांजोला डोक्याने धडक दिली. आफ्रिका चषकात २०१२ आणि २०१३ ला संघ पात्रही ठरला नव्हता. २०१५ मध्ये साखळीतच बाहेर. जर्मन प्रशिक्षक फोल्कर फिंके यांना त्या वर्षाअखेरीस घरी पाठवण्यात आलं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये ब्रोस यांचं नाव जाहीर झालं तेव्हा कॅमेरूनमध्ये स्वागतापेक्षा आश्चर्य जास्त होतं. चौसष्टीला टेकलेला, राष्ट्रीय संघ सांभाळण्याचा काहीही अनुभव नसलेला माणूस. खरं तर ही अनोळख त्यांच्या पथ्यावर पडली असावी. त्यांच्याकडून कुणी चमत्कार मागितला नव्हता आणि ड्रेसिंग रूममधल्या कुठल्याच गटाशी त्यांचं जुनं देणं-घेणं नव्हतं.

पेच

आफ्रिका चषक तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत भरत असे, म्हणजे युरोपातला क्लब हंगाम ऐन भरात असताना. महिनाभर क्लब सोडून जाणाऱ्याची जागा दुसरा घेतो, आणि परत आल्यावर ती मिळेलच याची खात्री नसते. राष्ट्रीय संघाचं बोलावणं नाकारणं क्रिकेट पाहणाऱ्या आपल्याला विचित्र वाटेल. पण कॅमेरूनच्या तरुण फुटबॉलपटूची कमाई, निवृत्तीची तरतूद आणि पुढचा करार, सगळं क्लबच्या हातात असतं. राष्ट्रीय संघ देतो तो मान, आणि बोनस वेळेवर आला तर बोनस.

डिसेंबर २०१६ मध्ये ब्रोस यांनी गॅबनमधल्या आफ्रिका चषकासाठी ३५ जणांची प्राथमिक यादी काढली आणि नकार उघड झाले. एकूण आठ. लिव्हरपूलचा बचावपटू ज्योएल मातिप, आयाक्सचा गोलरक्षक आंद्रे ओनाना, वेस्ट ब्रॉमचा अॅलन न्योम, शाल्केचा एरिक मॅक्सिम चुपो-मोटिंग, मार्सेचा आंद्रे-फ्रँक झाम्बो अँगिसा आणि फ्रान्सच्या क्लबांतले आणखी तिघे. कारणं सारखी नव्हती. मातिपचा आधीच्या प्रशिक्षक मंडळींशी आलेला अनुभव कडू होता आणि २०१५ नंतर तो कॅमेरूनकडून खेळलाच नव्हता. ओनानाला आयाक्सच्या गोलपोस्टमध्ये जेमतेम काही महिन्यांपूर्वी कायमची जागा मिळाली होती. न्योमलाही क्लबमधली जागा गमवायची नव्हती.

स्पर्धा महिन्याभरावर आली होती. गोलरक्षक, मुख्य बचावपटू, उजवा बचाव, मधली फळी, आघाडी. भोकं सगळीकडे पडली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नियमाचा. फिफाच्या नियमांनुसार राष्ट्रीय संघाने रीतसर बोलावलेल्या खेळाडूला जावंच लागतं. तो गेला नाही तर त्या काळात, आणि वर आणखी पाच दिवस, क्लबला त्याला खेळवता येत नाही. कॅमेरूनच्या फुटबॉल महासंघाने ही तरतूद वापरण्याचा इशारा दिला आणि त्याचा धसका बसलाही. मातिपबद्दल लिव्हरपूल इतकं साशंक झालं की मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्यातही त्याला बाहेर बसवलं. फिफाने २० जानेवारीला त्याला मोकळं केलं, तोवर तो खेळला नाही. पण या शस्त्राने खेळाडूचं नुकसान होतं, संघाचा फायदा होत नाही. धाकाने आणून शिबिरात बसवलेला मातिप ब्रोस यांना काय कामाचा होता?

दुसरा, मनधरणीचा. प्रत्येकाला फोन करायचा, क्लबच्या प्रशिक्षकाशी बोलायचं, दोन सामने कमी खेळवायचं आश्वासन द्यायचं. कॅमेरूनमध्ये ही पद्धत नवी नव्हती, आणि तिचं फळही सगळ्यांनी पाहिलं होतं. ज्याची मनधरणी होते तो शिबिरात वेगळ्या वजनाने येतो. मनधरणीशिवाय आनंदाने आलेल्यांना ते दिसतं.

तिसरा, हात वर करायचे. यादी मोडली, माझा दोष नाही, साखळी पार केली तरी मिळवली, असं आधीच सांगून ठेवायचं. बरेच परदेशी प्रशिक्षक हा मार्ग धरतात आणि त्यांना फार दोष देता येत नाही. करार दोन वर्षांचा, पगार बऱ्याचदा सरकारी तिजोरीतून, आणि वर क्रीडा मंत्रालय विरुद्ध महासंघ अशी ओढाताण. कॅमेरूनमध्ये ती किती टोकाला जाते हे २०२४ मध्ये पुन्हा दिसलं: मंत्रालयाने मार्क ब्रिस यांना प्रशिक्षक नेमलं आणि सॅम्युएल एटो अध्यक्ष असलेल्या महासंघाने त्याला उघड विरोध केला. अशा ठिकाणी आधीच ढाल पुढे करून ठेवणं हा शहाणपणाच म्हणायचा.

चौथा, ज्यांना यायचंय त्यांना घेऊन जायचं आणि बाकीच्यांचं नाव काढायचं नाही.

काय केलं

ब्रोस यांनी चौथा पर्याय घेतला. या खेळाडूंनी स्वतःचं हित संघाच्या वर ठेवलं, असं ते एकदा स्पष्ट बोलले, शिक्षेचा प्रश्न महासंघावर सोडला आणि विषय संपवला. माझ्या मते पूर्ण प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे, आणि तो मैदानाबाहेरचा आहे. कारवाईचा धाक महासंघाच्या पत्रव्यवहारात राहिला, शिबिरात शिरला नाही.

शिबिरात जे जमले त्यांची क्लबांची नावं वाचली तरी चित्र उभं राहतं. गोलरक्षक फाब्रिस ओंदोआ सेव्हियाच्या दुसऱ्या संघात. बचावातला मिशेल एनगाद्यू प्रागच्या स्लाव्हियात. मधल्या फळीतला आर्नो जूम स्कॉटलंडच्या हार्ट्समध्ये, सेबास्तियाँ सियानी बेल्जियमच्या ओस्टेंडमध्ये. आघाडीचा रोबेर एनदिप तांबे स्लोव्हाकियात, आणि उजव्या बगलेवरचा क्रिस्तियान बासोगोग डेन्मार्कच्या आल्बोर्गमध्ये. बासोगोगला राष्ट्रीय संघात येऊन काही आठवडेच झाले होते. यांतल्या बहुतेकांसाठी आफ्रिका चषक ही जागा गमावण्याची जोखीम नव्हती, नाव कमावण्याची संधी होती. आणखी एक योगायोग: ओंदोआ हा नकार देणाऱ्या ओनानाचा चुलतभाऊ. एक घरी राहिला म्हणून दुसऱ्याला पोस्ट मिळालं असं म्हणणं सोपं आहे, पण ओंदोआ २०१५ च्या स्पर्धेतही खेळला होता.

कर्णधार मुकांजो, तोच ज्याला ब्राझीलमध्ये सहकाऱ्याने डोकं मारलं होतं. आणि बाकावर दोन मोठी नावं: अनुभवी बचावपटू निकोला एनकुलू आणि आघाडीवीर व्हिन्सेंट अबुबकर. ब्रोस यांनी या दोघांना मोठेपणाची सवलत दिली नाही. इतरांसारखी जागा कमवायला लावली. आठ जण आले नसताना जे दोन मोठे आले त्यांनाच बाहेर बसवायचं, याला धाडस लागतं. फसलं असतं तर कॅमेरूनच्या वर्तमानपत्रांनी पहिला जाब याचाच विचारला असता.

निकाल

सुरुवात थंड होती. १४ जानेवारीला बुर्किना फासोविरुद्ध १-१. मुकांजोची फ्री किक सुरेख, पण पंचाहत्तराव्या मिनिटाला बरोबरी झाली. मग पहिल्यांदाच स्पर्धेत उतरलेल्या गिनी-बिसाऊने गोल करून घाम फोडला; सियानी आणि एनगाद्यू यांनी दुसऱ्या सत्रात सामना फिरवला, २-१. तिसरा सामना यजमान गॅबनशी, ०-०. शेवटच्या मिनिटांत चेंडू पोस्टला लागून परत आला आणि पुढचा फटका ओंदोआने झेप घेऊन अडवला. तो चेंडू आत गेला असता तर गॅबन पुढे गेला असता, कॅमेरून घरी परतला असता, आणि ब्रोस यांच्या निर्णयावर आज कुणी प्रकरण लिहीत बसलं नसतं. निर्णय चांगला असणं आणि तो फळणं यांच्यामध्ये कधी कधी गोलरक्षकाच्या हाताएवढंच अंतर असतं. निकालावरून निर्णय जोखायची घाई करू नये ती म्हणूनच.

उपांत्यपूर्व फेरीत समोर सेनेगल, स्पर्धेतला सर्वांत ताकदवान संघ. ०-० नंतर पेनल्टी शूटआउट. सेनेगलची शेवटची पेनल्टी सादियो मानेची, ती ओंदोआने अडवली. कॅमेरूनची निर्णायक पेनल्टी अबुबकरने मारली. उपांत्य फेरीत घाना २-० ने गारद. एनगाद्यू आणि शेवटच्या मिनिटांत बासोगोग.

५ फेब्रुवारी २०१७, लिब्रव्हिल. समोर हेक्टर कूपर यांचा इजिप्त, सात वेळचा विजेता. याआधी १९८६ आणि २००८ अशा दोन अंतिम सामन्यांत इजिप्तनेच कॅमेरूनला हरवलं होतं. बाविसाव्या मिनिटाला मोहम्मद एलनेनीने गोल केला. एकतिसाव्या मिनिटाला बचावपटू अदोल्फ तेकू जायबंदी झाला आणि एनकुलू आत आला. मध्यंतराला तांबेच्या जागी अबुबकर. एकोणसाठाव्या मिनिटाला मुकांजोच्या क्रॉसवर एनकुलूचा हेडर, १-१. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला अबुबकरने चेंडू छातीवर घेतला, बचावपटूच्या डोक्यावरून काढला आणि तो खाली येताच मारला. पोस्टमध्ये चव्वेचाळीस वर्षांचा एसाम अल हदारी होता, त्याला काही करता आलं नाही. कॅमेरूनचं पाचवं विजेतेपद. दोन्ही गोल बाकावरून आलेल्यांचे. बासोगोग स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू.

ही खेळाडूंची फौज नाही, मित्रांचा गट आहे, अशा अर्थाचं ब्रोस सामन्यानंतर बोलले. विजयानंतर सगळेच असं बोलतात. इथे त्याला आधार होता, पण हा गट कशामुळे जमला हे नीट पाहायला हवं.

वर्षअखेरीचा हिशेब

चार महिन्यांनी रशियात कॉन्फेडरेशन्स चषक, म्हणजे खंडविजेत्यांची स्पर्धा, झाली. चिलीकडून ०-२, ऑस्ट्रेलियाशी १-१, जर्मनीकडून १-३. साखळीतच बाहेर, पण ही स्पर्धा नावापुरती धरली तर नुकसान नाही. लक्षात ठेवण्यासारखं वेगळंच: ऑस्ट्रेलियाविरुद्धचा गोल झाम्बो अँगिसाचा. म्हणजे नकार देणाऱ्यांना ब्रोस यांनी दार कायमचं बंद केलं नव्हतं. उलट एनकुलूने आफ्रिका चषकानंतर लवकरच राष्ट्रीय संघापासून रजा घेतली. अंतिम सामन्यात गोल करूनही बाकावरचे दिवस त्याच्या मनातून गेले नसावेत.

खरा धक्का विश्वचषक पात्रता फेरीत बसला. गटात नायजेरिया, अल्जीरिया आणि झांबिया, आणि पुढे जाणार फक्त पहिला. अल्जीरिया व झांबियाशी बरोबरी आधीच होऊन बसली होती. १ सप्टेंबर २०१७ ला उयो इथे नायजेरियाने आफ्रिकेच्या विजेत्यांना ४-० ने लोळवलं. तीन दिवसांनी याउंडेत परतीचा सामना १-१. विश्वचषक संपला. डिसेंबरमध्ये ब्रोस यांचा करार पुढे न वाढवण्याचं ठरलं. दहा महिन्यांपूर्वी ज्याला खांद्यावर घेतलं होतं त्याला निरोप देताना फार कुणी हळहळलं नाही. पुढच्या वर्षी क्लॅरेन्स सीडॉर्फ हे मोठं नाव आणलं गेलं आणि २०१९ च्या आफ्रिका चषकात संघ बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात नायजेरियाकडून हरला.

तोच प्रशिक्षक आणि बहुतेक तेच खेळाडू असताना फेब्रुवारी आणि सप्टेंबर यांत एवढा फरक का? मला दिसणारं उत्तर साधं आहे: सोबतचा वेळ. आफ्रिका चषकात हे तरुण महिनाभर एका हॉटेलात, एका सरावात होते. २३ दिवसांत सहा सामने खेळले, प्रत्येक सामन्यानंतर चूक सुधारायला काही दिवस मिळाले. गिनी-बिसाऊविरुद्ध चाचपडणारा संघ घानाविरुद्ध वेगळाच दिसला. पात्रता फेरीत मात्र डेन्मार्क, चीन, तुर्कस्तान, फ्रान्स अशा दिशांनी माणसं सामन्याच्या आधी मोजक्या दिवसांत येतात, एक-दोन सराव करतात आणि मैदानात उतरतात. तिथे आपोआप जुळणारी गुणवत्ता लागते. नकार देणाऱ्या आठ जणांकडे नेमकं तेच होतं. त्यांच्याशिवाय महिन्याची स्पर्धा जिंकता येते. दोन वर्षं तुकड्यांत चालणारी पात्रता फेरी पार करणं कठीण. ‘जे आले त्यांच्यासह’ हा निर्णय बरोबरच होता, फक्त तो एका महिन्याचा निर्णय होता. त्याला धोरण समजण्यात गफलत झाली.

दुसरा डाव: दक्षिण आफ्रिका

मे २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ब्रोस यांना नेमलं, पाच वर्षांच्या करारावर. वय ६९. संघ नुकताच सुदानकडून हरून आफ्रिका चषकाला मुकला होता. हा देश १९९८ आणि २००२ ला विश्वचषक खेळला, २०१० ला यजमान म्हणून, आणि त्यानंतर तोवर नाहीच.

इथे अडचण उलटी होती. युरोपातल्या मोठ्या क्लबांत खेळणारे फारसे नव्हतेच, त्यामुळे नकार देणारेही नव्हते. ब्रोस यांनी आधी वयस्कर खेळाडू बाजूला काढले आणि तरुणांवर भर दिला. स्थानिक लीगच्या दर्जावर ते इतकं उघड बोलत की क्लबवाले वैतागत. २०२२ च्या विश्वचषक पात्रतेत घानाशी गुण आणि गोलफरक दोन्ही बरोबरीत राहिले. शेवटच्या सामन्यात वादग्रस्त पेनल्टीवर ०-१ हार झाली आणि जास्त गोल केल्याच्या निकषावर घाना पुढे गेला. फिफाकडची तक्रार फेटाळली गेली. मार्च २०२२ मध्ये फ्रान्सने मित्रत्वाच्या सामन्यात पाच गोल घातले. वर्षभरानंतर लायबेरियाविरुद्ध घरच्या मैदानावर २-२ झालं तेव्हा हकालपट्टीची मागणी जोरात होती.

कॅमेरूनमध्ये या टप्प्यावर माणूस बदलला गेला असता. दक्षिण आफ्रिकेने बदलला नाही, आणि हा महासंघाचा निर्णय ब्रोस यांच्या कुठल्याही डावपेचाइतकाच मोठा मानायला हवा. मिळालेल्या अवधीत त्यांनी संघाचा कणा एकाच क्लबभोवती बांधला. मामेलोडी सनडाउन्सचे गोलरक्षक रॉनवेन विल्यम्स, बचावात खुलिसो मुदाउ, ग्रँट केकाना, मोथोबी म्व्हाला आणि ऑब्री मोदिबा, मध्ये टेबोहो मोकोएना, पुढे थेंबा झ्वाने. हे एकमेकांसोबत आठवडाभर सराव करत, शनिवारी सामना खेळत, मग एकत्रच राष्ट्रीय शिबिरात येत. जो वेळ कॅमेरूनमध्ये महिनाभर उसना मिळाला होता तो इथे क्लबकडून वर्षभर आयता मिळाला. सगळ्यांना हे पटलं नाही. ‘हा देशाचा संघ की सनडाउन्सचा?’ असा प्रश्न ऑर्लँडो पायरेट्स आणि कायझर चीफ्स या प्रतिस्पर्धी क्लबांचे चाहते विचारणारच होते.

आयव्हरी कोस्टमध्ये जानेवारी-फेब्रुवारी २०२४ ला झालेल्या आफ्रिका चषकात पहिला सामना मालीकडून ०-२ हरले, पर्सी ताऊने पेनल्टी वाया घालवली. नंतर नामिबियाला ४-०, ट्युनिशियाशी ०-०, आणि बाद फेरीत विश्वचषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलेल्या मोरोक्कोला २-० ने बाहेर काढलं. केप व्हर्दविरुद्ध शूटआउटमध्ये विल्यम्सने चार पेनल्ट्या अडवल्या. नायजेरियाकडून उपांत्य फेरीत शूटआउटमध्ये हार, डीआर काँगोला हरवून तिसरा क्रमांक.

मग २०२६ च्या विश्वचषकाची पात्रता, पुन्हा नायजेरिया असलेल्या गटात. मार्च २०२५ मध्ये लेसोथोला २-० हरवलं, पण त्या सामन्यात दोन पिवळ्या कार्डांमुळे बंदी असलेला मोकोएना खेळला होता. सप्टेंबरमध्ये फिफाने निकाल फिरवला: तीन गुण गेले, लेसोथोला ३-० विजय. आघाडी उडाली. पुढे झिम्बाब्वेशी ०-०. १४ ऑक्टोबरला एमबोम्बेला इथे रवांडाला ३-० हरवलं, त्याच संध्याकाळी उयोमध्ये नायजेरियाने बेनिनला ४-० हरवलं, आणि दक्षिण आफ्रिका १८ गुणांनी पहिली. नायजेरिया आणि बेनिन दोघेही १७ वर. आठ वर्षांपूर्वी ज्या उयोमध्ये ब्रोस यांचा विश्वचषक संपला होता, तिथल्याच निकालाने या वेळी त्यांचं काम सोपं केलं.

डिसेंबर २०२५-जानेवारी २०२६ मध्ये मोरोक्कोत झालेल्या आफ्रिका चषकात त्यांच्या संघाला बाद फेरीत कॅमेरूनने २-१ ने हरवलं. त्या कॅमेरूनच्या चमूत ना ओनाना होता ना अबुबकर, आणि स्पर्धा तोंडावर असताना प्रशिक्षक बदलला होता. वर्षं बदलली तरी तिथला कारभार फारसा बदललेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

२०१६ च्या डिसेंबरात यादी आणि नकार एकदम चव्हाट्यावर आले. त्यामुळे प्रत्येक नकार देशद्रोहासारखा मांडला गेला आणि वेगवेगळी कारणं एकाच टोपलीत पडली. ओनानाचं कारण महिन्यापुरतं होतं, मातिपचं जुन्या जखमेचं. पहिल्याला ‘जानेवारी जाऊ दे, मार्चमध्ये ये’ असं सांगता आलं असतं. दुसऱ्याशी बोलायला महासंघातला कुणी विश्वासाचा माणूस लागला असता. अँगिसा परत आला, यावरून वाट खुली होती हे दिसतं. मातिप पुन्हा कधीच आला नाही.

मोठा बदल फेब्रुवारी २०१७ नंतर हवा होता. विजयाच्या क्षणी प्रशिक्षकाचा शब्द सर्वांत वजनदार असतो, आणि तेव्हाच, ज्यांनी चषक आणला त्यांच्यातल्या काहींच्या जागी न आलेल्यांना घ्यायचं हे सांगणं सर्वांत अवघड असतं. ब्रोस यांनी निष्ठा पाळली. समजण्यासारखं आहे, पण नायजेरियासमोर ती कमी पडली. शिवाय महासंघाला पात्रता फेरी आणि आफ्रिका चषक या दोन वेगळ्या मोहिमा आहेत हे करारातच लिहून ठेवता आलं असतं. दोन वर्षांच्या करारात सगळंच हवं, असं धरल्यावर कुठलाही प्रशिक्षक हाताशी असलेल्या स्पर्धेसाठीच संघ बांधणार.

परक्या माणसाच्या अधिकाराचाही प्रश्न उरतो. २०१९, २०२१ आणि २०२३ चे आफ्रिका चषक (शेवटचे दोन प्रत्यक्षात २०२२ आणि २०२४ मध्ये झाले) अल्जीरियाचे जमेल बेलमादी, सेनेगलचे अलिऊ सिसे आणि आयव्हरी कोस्टचे एमर्स फाए यांनी जिंकले, तिघेही आपापल्या देशाचे माजी खेळाडू. फाए यांनी तर मधूनच फ्रेंच प्रशिक्षकाच्या जागी सूत्रं घेतली होती. परका असल्यामुळे ब्रोस यांना कॅमेरूनमध्ये गटबाजीबाहेर राहता आलं. तेच परकेपण डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्या अंगाशी आलं. एक तरुण बचावपटू शिबिरात उशिरा आला म्हणून रागावताना त्यांनी त्याच्या वर्णाचा उल्लेख केला, दक्षिण आफ्रिकेत गदारोळ झाला आणि त्यांना माफी मागावी लागली. तिथे साडेचार वर्षं घालवलेल्या माणसाला त्या वाक्याचं वजन कळायला हवं होतं. तिखट बोलणं हा त्यांचा स्वभाव. लीगच्या दर्जाबद्दल ते चाललं, इथे चालण्यासारखं नव्हतं.

आणि मोकोएनाची कार्डं. कार्डांची नोंद ठेवणं प्रशिक्षकाचं काम नाही, संघ व्यवस्थापनाचं आहे. पण ज्याने महिन्याच्या शिबिरात मोठ्या नावांना बाकावर बसवण्याइतकी शिस्त लावली, त्याच्या संघात सामन्याच्या आदल्या दिवशी कोण खेळू शकतो याची यादी कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत नसावी, हे खटकतं. रवांडाविरुद्ध किंवा उयोमध्ये एक निकाल इकडचा तिकडे झाला असता तर पाच वर्षांचं बांधकाम दोन पिवळ्या कार्डांवर कोसळलं असतं.